परक्या घराची राखण : मेक्सिकोत काढलेला आमचा पहिला हिवाळा

२०२४ साली ७ फेब्रुवारीला सकाळी आठ वाजता मी आमच्या कॅनडातल्या किचनरच्या घराच्या पायरीवरून घसरले. बर्फ दिसला असता तर जपून पाय टाकला असता. पण रात्री थोडं वितळून पहाटे पुन्हा गोठलेल्या पाण्याचा थर डांबरावर काचेसारखा बसतो आणि अजिबात दिसत नाही. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. वेणी घालता येईना, भाकरी थापता येईना. खिडकीत बसून संध्याकाळी लवकर होणारा अंधार बघायचा एवढाच उद्योग. सत्तावीस वर्षं मी ऑन्टारिओत राहते आहे. थंडीशी माझं भांडण नव्हतं कधी, पण त्या सहा आठवड्यांत मला पहिल्यांदा तिची भीती वाटली.

हिवाळा आला की इथले हजारो निवृत्त लोक दक्षिणेकडे जातात. त्यांना ‘स्नोबर्ड’ म्हणतात. फ्लोरिडा, ॲरिझोना, मेक्सिको. ते श्रीमंतांचं काम असं आम्ही धरून चाललो होतो. मे महिन्यात माझ्या चालण्याच्या गटातल्या एका बाईने सांगितलं की ती गेली चार वर्षं हिवाळा मेक्सिकोत काढते आणि घरभाडं एक पैसाही देत नाही. ती हाउस सिटिंग करते. घरमालक परगावी गेले की त्यांच्या घरात राहायचं, घर आणि जनावरं सांभाळायची. ते भाडं घेत नाहीत, आपण मजुरी घेत नाही.

मी कुडाळकडची. मला हे समजून घ्यायला एक मिनिट लागलं नाही. आमच्या वाडीतली निम्मी घरं मुंबईकरांची, वर्षाचे दहा महिने बंद. प्रत्येक बंद घराला कुणीतरी असतो, जो संध्याकाळी दिवाबत्ती करतो, कौल सरकलं तर बसवतो, विहिरीवर नजर ठेवतो. आम्ही त्याला राखण म्हणतो. हे लिहिते आहे ते एवढ्याचसाठी, की तुम्ही ‘फुकटची सुट्टी’ म्हणून या वाटेला निघाला असाल तर आधी हा शब्द मनात घ्या. ही सुट्टी नाही, राखण आहे. ऊन मिळतं, पण ते त्या घराच्या वेळापत्रकात बसेल तेवढंच.

मे अखेरीस आम्ही एका संकेतस्थळावर नाव नोंदवलं. वर्षाची वर्गणी साधारण दोनशे डॉलर (या लेखात डॉलर म्हणजे कॅनडाचे). ओळखपत्राची पडताळणी झाली, पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला आणून जोडला. तरीही मेक्सिकोतल्या सात घरांना अर्ज केले आणि सातही जणांनी नम्रपणे नकार दिला. कारण उघड होतं, आमच्या नावावर एकही अभिप्राय नव्हता. आपलं घर आणि कुत्रा अनोळखी माणसाच्या हातात कोण देईल? मग आम्ही जवळची छोटी कामं धरली. जुलैत ग्वेल्फमध्ये चार दिवस एक मांजर, सप्टेंबरात स्ट्रॅटफर्डला नऊ दिवस दोन कुत्रे. तुम्हाला जानेवारीत बाहेर जायचं असेल तर उन्हाळ्यात आपल्याच प्रांतात दोन घरं राखून घ्या. अभिप्राय तर मिळतातच, पण आपल्याला हे जमतंय का तेही कळतं. माझ्या नवऱ्याने आयुष्यात कुत्रा पाळला नव्हता. स्ट्रॅटफर्डच्या तिसऱ्या दिवशी तो पहाटे साडेपाचला न सांगता उठला आणि पट्टा घेऊन बाहेर पडला, तेव्हा मी निश्चिंत झाले.

२४ सप्टेंबरला ती जाहिरात दिसली. आहिहीक, चापाला सरोवराच्या काठी, हालिस्को राज्य. ११ जानेवारी ते १४ मार्च २०२५. एक कुत्री, तेरा वर्षांची, फिट्स येतात, दिवसातून दोनदा गोळी. घरमालक जोडपं कॅनडाचंच, ब्रिटिश कोलंबियातून अकरा वर्षांपूर्वी तिथे कायमचं गेलेलं. न्यूझीलंडमध्ये मुलीचं बाळंतपण होतं म्हणून निघाले होते. ‘मुलीचं बाळंतपण’ हे शब्द वाचल्यावर माझा अर्ज आपोआप लिहून झाला. २८ तारखेला व्हिडिओवर तासभर बोललो. त्यांनी विचारलं, कुत्रीला रात्री फिट आली तर काय कराल? मी खरं ते सांगितलं: अजून पाहिलेली नाही, घाबरेन, पण तुम्ही शिकवाल तसं करेन. ६ ऑक्टोबरला होकार आला.

इथून कागदांचा प्रवास सुरू झाला, आणि खरी दमछाक इथेच झाली.

आमच्या घरात दोन पासपोर्ट आहेत. नवरा कॅनडाचा नागरिक, मी अजून भारतीय पासपोर्टवर, पीआर कार्डधारक, म्हणजे कॅनडाची कायम निवासी. अशी जोडपी आपल्याकडे पुष्कळ आहेत, म्हणून हे सविस्तर सांगते. कॅनडाच्या नागरिकाला मेक्सिकोत पर्यटक म्हणून जास्तीत जास्त १८० दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. भारतीय पासपोर्टला एरवी मेक्सिकोचा व्हिसा लागतो. पण तुमच्याकडे कॅनडाचं वैध कायम निवासाचं कार्ड असेल तर लागत नाही. यातला ‘वैध’ हा शब्द महत्त्वाचा. माझं कार्ड २२ फेब्रुवारी २०२५ ला संपत होतं, म्हणजे ऐन मुक्कामात. आणि परत येताना विमानात चढायला तेच कार्ड दाखवावं लागतं. बाहेर असताना संपलं तर परदेशातल्या कॅनडाच्या कार्यालयातून प्रवासाचा वेगळा दस्तऐवज काढावा लागतो, तो निघेपर्यंत तिथेच अडकायचं.

नशिबाने मी ४ सप्टेंबरलाच नूतनीकरणाचा ऑनलाइन अर्ज केला होता. फी ५० डॉलर, नवा फोटो, आणि पाच वर्षांत किमान ७३० दिवस कॅनडात राहिल्याचा हिशेब. आईच्या आजारपणात मी दोनदा तीन-तीन महिने कुडाळला होते, त्यामुळे सगळे शिक्के तारीखवार लिहून काढले. नोव्हेंबरच्या १३ तारखेला कार्ड टपालाने रवाना झाल्याचं दिसलं. १५ तारखेला देशभर टपाल कामगारांचा संप सुरू झाला. त्यांच्या मागण्या त्यांच्या जागी होत्या, त्यांच्यावर रागावण्यासारखं काही नव्हतं. पण माझं कार्ड कुठल्यातरी गोदामातल्या पोत्यात होतं. रोज सकाळी मी रिकामी पेटी उघडून बघायची. संप संपेपर्यंत, १७ डिसेंबरपर्यंत, मी नीट झोपले नाही.

त्या काळात एक गोष्ट बरी केली. घरमालकांना २० नोव्हेंबरलाच फोन करून सगळं सांगून टाकलं, की कार्ड आलं नाही तर मला येता येणार नाही, नवरा एकटा येईल. त्यांनी शांतपणे ऐकलं, त्यांच्या एका मैत्रिणीला पर्यायी म्हणून विचारून ठेवलं आणि मला म्हणाले, आधी सांगितलंस हे बरं झालं. कार्ड ३० डिसेंबरला दुपारी आलं. मी ते पाकीट देवापुढे ठेवलं आणि मग उघडलं.

दुसरी मोठी गोष्ट विम्याची. ऑन्टारिओच्या आरोग्य योजनेतून, म्हणजे ओहिपमधून, परदेशातल्या तातडीच्या इलाजाचे पैसे मिळतात ते अगदी थोडे. रुग्णालयात दाखल झालात तर दिवसाला फार तर ४०० डॉलर, बाह्यरुग्ण म्हणून ५०. तेवढ्यात काहीच भागत नाही. त्यामुळे प्रवासाचा आरोग्यविमा घ्यावाच लागतो. (ओहिप टिकवायला कुठल्याही बारा महिन्यांत किमान १५३ दिवस प्रांतात राहावं लागतं. आमच्या अडुसष्ट दिवसांना तो प्रश्न नव्हता, पण वर्षात भारतवारीही करणार असाल तर बेरीज करून बघा.)

माझा विमा अर्ध्या तासात झाला. नवरा सहासष्टचा, रक्तदाब. ३ ऑक्टोबरला डॉक्टरांनी त्याची गोळी दहा मिलिग्रॅमवरून पाचवर आणली होती. आम्हाला केवढा आनंद झाला होता! विम्याच्या बाईने विचारलं, गेल्या तीन महिन्यांत औषधात काही बदल? मी अभिमानाने म्हटलं, हो, कमी झालं. ती म्हणाली, कमी होणं हाही बदलच. जुन्या आजाराला संरक्षण हवं असेल तर निघायच्या आधी सलग ९० दिवस ती प्रकृती ‘स्थिर’ असावी लागते. नवी गोळी नको, डोस वर नको, खाली नको, नवी तपासणी सांगितलेली नको. ३ ऑक्टोबरपासून ९० दिवस १ जानेवारीला भरत होते. आमचं विमान ९ जानेवारीचं. आठ दिवसांनी वाचलो.

त्या तीन महिन्यांत आम्ही मीठ कमी केलं, रोज चाललो आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं की तब्येतीला गरज असेल तर बदल जरूर करा, आम्ही प्रवास रद्द करू, पण केलात तर आम्हाला कळवा. अर्जातल्या प्रत्येक उत्तराशी दवाखान्यातली नोंद ताडून पाहिली, कारण दावा करायची वेळ आली की विमा कंपनी तीच नोंद मागवते. दोघांचा मिळून हप्ता ९७० डॉलर झाला. एकूण खर्चातला हा मला सर्वांत योग्य वाटलेला खर्च. औषधांचं सोपं गेलं. पासष्टच्या वरच्यांना प्रांताच्या योजनेतून एका वेळी १०० दिवसांपर्यंतची औषधं मिळतात, ती मूळ डब्यांतच नेली.

तिसरं, स्वतःचं घर. हे आम्ही जवळजवळ विसरलो होतो. हिवाळ्यात घर रिकामं ठेवून गेलात आणि नळ गोठून फुटला तर घराचा विमा भरपाई देईलच असं नाही. आमच्या पॉलिसीत होतं की चार दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहणार असाल तर एकतर कुणीतरी नियमित येऊन घर गरम आहे का पाहायचं, नाहीतर पाण्याचा मुख्य नळ बंद करून पाइप रिकामे करायचे. आम्ही दोन्ही केलं. प्लंबरने पाणी उतरवून दिलं, घर गरम ठेवणारी भट्टी १५ अंशांवर ठेवली, आणि शेजारच्या जर्मन आजींना किल्ली दिली. किचनरचं नाव १९१६ पर्यंत बर्लिन होतं, जुनी जर्मन कुटुंबं इथे अजून आहेत. आजी त्यातल्याच, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी एक वही घेतली आणि म्हणाल्या, मी एक दिवसाआड येईन आणि लिहून ठेवीन. आमच्या शहरात फुटपाथवरचा बर्फ चोवीस तासांत काढणं घरमालकाचं काम असतं. ते कोपऱ्यावरच्या एका कॉलेजकुमाराला दिलं. प्लंबर आणि तो मिळून ४२० डॉलर. जाताना आजींना म्हटलं, एक विनंती आहे, संध्याकाळी दारावरचा दिवा लावाल का? त्या म्हणाल्या, त्याला टायमर मिळतो. मी म्हटलं, टायमर लावतेच, पण तुम्ही आलात की बघा. का ते मला इंग्रजीत नीट सांगता आलं नाही.

९ जानेवारी, गुरुवार. टोरॉन्टो ते मेक्सिको सिटी थेट आणि पुढे ग्वादालाहारा. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेतून जाणारं स्वस्त तिकीट घेऊ नका, नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. दोघांची जाऊन-येऊन तिकिटं १,६२० डॉलर. काउंटरवरच्या मुलीने माझा पासपोर्ट पाहून मेक्सिकोचा व्हिसा मागितला. मी पीआर कार्ड दाखवलं. ती तिच्या वरिष्ठाकडे गेली, दोघांनी संगणकावर नियम शोधला. तीस-पस्तीस मिनिटं गेली. विमानतळावर तीन तास आधी पोहोचा, आणि मेक्सिकोच्या सरकारी संकेतस्थळावरचं ते पान छापून जवळ ठेवा. मी ठेवलं होतं, शेवटी तेच कामी आलं.

मेक्सिको सिटीत अधिकाऱ्याने विचारलं, “कुआन्तोस दीआस?” किती दिवस? मी स्पॅनिशमध्ये अडुसष्ट म्हटलं आणि परतीचं तिकीट पुढे केलं. त्याने शिक्का मारून हाताने ७० लिहिलं. एकशे ऐंशी आपोआप मिळत नाहीत, परतीची तारीख बघून अधिकारी ठरवतो. विमान चुकलं, आजारी पडलात, तर दोनच दिवस हातात. पुढच्या वेळी मी थोडे जास्त मागेन. आणि खिडकी सोडण्याआधी तो आकडा वाचा. या मुक्कामात मोबदल्याचं काम करायला परवानगी नसते. म्हणून मालकांनी एखादा दिवस जास्त थांबायला सांगून पैसे देऊ केले तरी घेऊ नका. अमेरिकेत तर घर राखणं हेच काम धरून लोकांना सीमेवरून परत पाठवल्याच्या घटना आहेत.

रात्री अकराला आहिहीकला पोहोचलो. ग्वादालाहाराच्या विमानतळावरून टॅक्सीने पाऊण तास, ६०० पेसो. तेव्हा एका डॉलरला चौदाच्या आसपास पेसो मिळत. दार उघडलं आणि रातराणीचा वास आला. मी तशीच उभी राहिले. सकाळी आम्ही उणे सोळात निघालो होतो.

मालक निघायच्या आधीचे दीड दिवस एकत्र मिळणं फार गरजेचं होतं. चौदा पानांची माहिती लिहिलेली होती, पण हाताने करून पाहिल्याशिवाय कळत नाही. नगरपालिकेचं पाणी जमिनीखालच्या हौदात येतं, त्याला आल्हिबे म्हणतात. तिथून पंप ते गच्चीवरच्या टाकीत चढवतो, ती तिनाको. पिण्याचं पाणी वेगळं, वीस लिटरचे बाटले दारावर येतात. गॅसची मोठी टाकी गच्चीवर, तिचा काटा २० टक्क्यांखाली गेला की फोन करायचा. बुटात पाय घालण्यापूर्वी बूट झटकायचा, विंचू असतात. मला हसू आलं, कारण हे सगळं मला येत होतं. माळी मंगळवारी, घरकामाच्या बाई गुरुवारी, त्यांचे पैसे पाकिटांत तारखा घालून ठेवलेले. पैसे देण्याला स्पॅनिशमध्ये ‘पागार’ म्हणतात. आपला ‘पगार’ त्याच्याच पोर्तुगीज भावंडाकडून आलेला. पुढे स्वयंपाकघरातल्या कपाटाची बिजागरी तुटली, तेव्हा दुकानात जाऊन काय सांगावं सुचेना. शेवटी शब्द शोधला तर ‘बिसाग्रा’. पोर्तुगीज गोव्यात आले आणि माझी मेक्सिकोतली सोय करून गेले.

कुत्रीचं नाव कानेला, म्हणजे दालचिनी. सकाळी सात, संध्याकाळी सात, गोळी चीजमध्ये लपवून. त्यामुळे आमचा अडुसष्ट दिवसांचा नकाशा बारा तासांच्या दोरीने बांधलेला होता. ग्वादालाहाराला जायचं तर एकाने घरी थांबायचं किंवा सातच्या आत परतायचं. समुद्रकिनारा आम्ही पाहिलाच नाही. हे कुणी आधी सांगत नाही म्हणून सांगते.

तरीही दिवस सुंदर होते. गाव साधारण दीड हजार मीटर उंचीवर, त्यामुळे दुपारी चोवीस-पंचवीस अंश, रात्री शाल लागते. घरांना हीटर नसतात, एक स्वेटर न्याच. बुधवारचा आठवडी बाजार भरतो, त्याला तियांगीस म्हणतात. कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, चिंच, पेरू, पपई. अंबाडीच्या जातीच्या लाल फुलांचं सरबत सगळीकडे मिळतं, ‘आग्वा दे हामाइका’, चवीला कोकमाच्या धाकट्या बहिणीसारखं. मक्याच्या गरम तोर्तिया किलोने मिळायच्या, त्यांच्याबरोबर मी चिंच घालून माशाचं तिखलं करायची. संध्याकाळी आठला आईला फोन, कुडाळला तेव्हा दुसऱ्या दिवशीचे साडेसात वाजलेले असायचे. दोघांचा सगळा वरखर्च मिळून १,९०० डॉलर झाला.

२६ जानेवारीला नळाला पाणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मी दर रविवारी काठी घालून हौद मोजत होते म्हणून लक्षात आलं की आता वीतभरच उरलंय. पंप कोरडा चालला तर जळतो. पंपाचा खटका बंद केला, शेजाऱ्यांना विचारलं, आणि त्यांनी टँकर बोलावून दिला. टँकरला तिथे ‘पिपा’ म्हणतात. आपलं पिंप! १,२०० पेसो दिले, पावती ठेवली, मालकांना फोटो पाठवला. त्यांनी त्याच रात्री पैसे पाठवले. खर्च कुणाचा, किती रकमेपर्यंत न विचारता करायचा, हे दोन पानी करारात आधीच लिहिलेलं होतं.

आणि ११ फेब्रुवारीची रात्र. पावणेदोनला धप्प आवाज आला. कानेला आडवी पडून ताठ झाली होती, पाय झाडत होती, तोंडाला फेस. नवऱ्याने घड्याळ लावलं, मी तिच्या डोक्याखाली उशी सरकवली, दिवा मंद केला. तोंडात हात घालायचा नाही हे घोकलेलं होतं. एक मिनिट पन्नास सेकंद. मला ते किती वाटले हे सांगता येणार नाही. न्यूझीलंडमध्ये रात्रीचे नऊ वाजत होते, मालकीणबाईंनी पहिल्याच घंटीला फोन उचलला. नातू कडेवर होता, जन्मून अकरा दिवस झाले होते. त्या म्हणाल्या, तिला आता तहान लागेल, थोडं थोडं पाणी दे, आणि तू पण बस. सकाळी पशुवैद्यांकडे नेलं. आमच्याकडे मालकांचं सही केलेलं संमतिपत्र आणि खर्चासाठी तीन हजार पेसोंचं पाकीट होतं. रक्त तपासलं, गोळी थोडी वाढवली, ८५० पेसो झाले. घर घेताना ही दोन कागदं, संमतिपत्र आणि खर्चाची मर्यादा, मागून घ्या. रात्री दोन वाजता त्यावर चर्चा करण्याची शुद्ध कुणालाच नसते.

दुसऱ्या दिवशी हे सगळं भावाला फोनवर सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, “गो, लोकांच्या घराची राखण करूक इतक्या लांब गेलंस? आपला घर हय बंद आसा मां.” तो दुखवायला बोलला नाही, त्याला खरंच प्रश्न पडला होता. तो कुडाळ शहरात राहतो, वाडीतलं घर चार वर्षं बंद आहे. मी उत्तर दिलं नाही. त्या दिवशी कानेलाशेजारी ओसरीवर बसून राहिले.

आहिहीकबद्दलही एक गोष्ट मनात राहिली. हे मेक्सिकोतलं सर्वांत मोठं सरोवर, आणि त्याच्या काठी परदेशी निवृत्तांनी फार जुन्या काळापासून बस्तान बसवलं आहे. त्यांची लेक चापाला सोसायटी १९५५ पासून आहे, तिथलं इंग्रजी पुस्तकांचं ग्रंथालय मी रोज वापरलं. पण माळी सांगत होता की त्याच्या मुलाला गावात भाडं परवडत नाही, तो पलीकडच्या गावात राहतो. आमच्यासारखे आल्यानेच भाडी वाढतात. घर राखणारा स्वतः भाडं देऊन घर अडवत नाही, एवढ्याने माझं समाधान झालं नाही. मला जमलं ते इतकंच, की खरेदी गावातल्याच दुकानांतून केली आणि मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्येच बोलले.

सरोवराच्या धक्क्यावर, मालेकोनवर, पांढरे पेलिकन दिसायचे. हिवाळ्यात ते कॅनडाच्या गवताळ प्रदेशातल्या तळ्यांवरून इथे येतात. पलीकडच्या पेतातान गावी त्यांचे हजारोंचे थवे उतरतात. एका शेजाऱ्याने गाडीने नेण्याची तयारी दाखवली. पण पेतातान मिचोआकान राज्यात येतं, आणि कॅनडा सरकारची तिथल्या बहुतेक भागासाठी ‘अत्यावश्यक असल्याशिवाय जाऊ नका’ अशी सूचना होती. अशा भागात गेलात तर आमचा विमा लागू राहत नव्हता. गेलो नाही. हळहळ वाटली, पण ९० दिवस मोजून घेतलेला विमा एका सहलीसाठी घालवणं बरोबर वाटेना. कुठेही निघण्यापूर्वी ती सूचना राज्यवार वाचा. परदेशातल्या कॅनेडियनांची सरकारी नोंदणी ऑनलाइन होते, नवऱ्याची तीही केली होती.

४ मार्चला, उपवासांचा काळ सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, कार्निव्हलची मिरवणूक निघाली. मुखवटे घातलेले, बायकांचे झगे घातलेले पुरुष रस्त्यावर पिठाच्या पिशव्या घेऊन नाचत होते. त्यांना सायाका म्हणतात. पोरं त्यांना चिडवतात, ते पोरांमागे धावून पीठ उधळतात. मला आमच्या शिमग्यातली सोंगं दिसायला लागली. कोण कुठला गाव, पण पुरुषाने लुगडं नेसून नाचायचं आणि पोरांनी ओरडत पळायचं, यात तसूभर फरक नाही. एकाने माझ्या डोक्यावर मूठभर पीठ टाकलं. दहा दिवसांनी धुळवड होती, माझी ती आधीच झाली.

१४ तारखेला मालक परतले. आदल्या दोन दिवसांत आम्ही चादरी धुतल्या, हौद मोजला, गॅसचा काटा लिहिला, फ्रिजमध्ये दूध, अंडी आणि पहिल्या रात्रीसाठी डाळ-भात ठेवला. कानेला दारात त्यांना बघून रडली. कुत्री रडते हे मी पहिल्यांदा ऐकलं. तीन दिवस आम्ही एकत्र राहिलो, त्यांनी बाळाचे फोटो दाखवले, आणि १७ मार्चला सकाळी मी किल्ली त्यांच्या हातात ठेवली. वर्गणी, तिकिटं, विमा, घरची व्यवस्था, कार्ड, तिथला खर्च, सगळं धरून सव्वापाच हजार डॉलरच्या आत झालं.

किचनरला रात्री साडेदहाला पोहोचलो. फेब्रुवारीत टोरॉन्टोच्या परिसरात एका आठवड्यात अर्धा मीटर बर्फ पडला होता, त्याचे काळवंडलेले ढीग अजून कडेला होते. दारावरचा दिवा लागलेला होता. आत टेबलावर आजींची वही. एकोणपन्नास नोंदी, प्रत्येकीत तारीख, आतलं तापमान, तळघर कोरडं. १५ फेब्रुवारीला लिहिलं होतं: ‘टायमर बंद पडला आहे. आजपासून मी लावते.’ त्यापुढच्या सगळ्या नोंदी रोजच्या होत्या, एक दिवसाआड नाही.

मी बूट न काढता तळघरात जाऊन मुख्य नळ हळूहळू उघडला. पाइपांतली हवा खडखडत बाहेर आली, आधी तांबूस पाणी, मग स्वच्छ. वर येऊन भावाला फोन लावला आणि वाडीतल्या घराची किल्ली सध्या कुणाकडे आहे ते विचारलं. पुढचा डिसेंबर-जानेवारी आम्ही तिथे काढायचं ठरवतो आहोत. नवऱ्याच्या गोळीची तारीख मी आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.